तीन खाचा पुढे

शेजारच्या तुळशीदासाने नवी आणली तेव्हा
शोरूमवाल्यांनी त्याच्या हातात पुठ्ठ्याची किल्ली दिली,
दाराएवढी. हार घातला, फोटो काढला, पेढे वाटले.
ती किल्ली लगेच परत घेतली, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.
मला तेवढंच लक्षात राहिलं.

मी डिचोलीला पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघते,
सोळा वर्षं झाली.
तुळशीदासाचीही माझ्याच टेबलावरून गेली.
आकडा सांगणार नाही. नोकरी आहे.

प्रेमानंद मात्र म्हणाला, नवी ती नवीच.
तेव्हा जेवण झाल्यावर, हुमणाचा हात धुऊन,
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी मांडलं:
नऊ लाख बेचाळीस हजार, रस्त्यावर उभी.
पदरचे दोन बेचाळीस घातले, उरले सात लाख कर्ज,
नऊ टक्के, सात वर्षं.
अकरा हजार दोनशे बासष्ट, चौऱ्याऐंशी वेळा.
चौऱ्याऐंशी वेळा म्हणजे, मी म्हटलं,
आज चौथीतली नंदिता अकरावीत जाईल
आणि आपले बारा लाखांना बारा हजार कमी गेलेले असतील.
तो म्हणाला, तू नव्या गाडीचा वास घेतलायस का कधी?
घेतलाय. छान असतो.
सहा महिने टिकतो.

मग रविवार-रविवार हिंडलो.
म्हापशाला एक पाहिली, चकचकीत,
पण नंबरपाटीच्या कडेला जुना काळा रंग राहिलेला.
पर्यटकांनी भाड्याने दामटलेली; पायपुसणीखाली हणजुण्याची वाळू.
कळंगुटची दुसरी वरून लोणी.
सांतान मेकॅनिकने खालून स्क्रूड्रायव्हर टेकवला
तर आत गेला, पिकल्या पपईत जावा तसा.
आमच्याकडच्या गाड्यांना दारांच्या फटींत खाणीची तांबडी धूळ असते.
ती निदान पुसता येते.

हळदोण्याला ओर्लांदो फेर्नांडिस यांच्या अंगणात होती ती.
पाच वर्षांची, राखाडी, तेहतीस हजार किलोमीटर:
मीस, बाजार,
आणि एकदा मध्यरात्री मुलीला घेऊन बांबोळीचं इस्पितळ.
सर्व्हिसच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात, तारखेवार.
दोघं स्विंडनला मुलाकडे निघाली होती, तिकिटं काढून झालेली.
तीन पंच्याऐंशी म्हणाले. मी तीन साठ.
मग त्यांनी स्वतःहून मागच्या बंपरची खोक दाखवली,
"माडाक आपटली, बाय. हांवेंच,"
आणि तीन सत्तरवर उतरले.
त्यांची सही होईपर्यंत माझ्या डोक्यात बेरीज चालू:
टायर अठरा, क्लच बारा, विमा आणि नावावर करणं अकरा,
एकूण चार लाख अकरा हजार. व्याज शून्य.
वाचले सात लाख सत्त्याहत्तर.

हे वाचलेले कुठून आले,
ते बिलाच्या पाठीवर मावलं नव्हतं.
यांनीही कधीतरी पुठ्ठ्याची किल्ली धरून फोटो काढला असणार.
शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताना
जे लाख-दीड लाख रस्त्यावर सांडतात, ते यांचे सांडले.
मी ढकललं नाही कुणाला.
मी फक्त नंतर आले.
पण कुणीतरी आधी यावं लागतं.
प्रेमानंदला हे सांगितलं तर म्हणाला,
मग पाच वर्षांनी तुळशीदासाची आपणच घेऊ.
मी हसले नाही. तारीख लिहून ठेवली.

निघताना ओर्लांदोबाबांनी आरशाची जपमाळ सोडली,
खिशात घातली, परत बाहेर काढली.
मी म्हटलं, असू दे तिथंच.
आत बसले तर पाय क्लचला पोचेनात.
उंच माणूस. सीट तीन खाचा पुढे ओढली,
ती कुरकुरली, पाच वर्षांत कुणी हलवली नव्हती.
रिव्हर्स टाकला.
ते मागे उभे राहून दोन्ही हातांनी दाखवत होते,
माड, माड,
अजून एक वीत आहे, ये,
अजून अर्धी.